झोसिमीचा दगड गेला कुठे?

१

"बाई, तुम्ही खोदता खोदता कधी काही ढापलंय का?"

हा प्रश्न नेदाच्या डोक्यातला नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, मागी आणि येवाचा होता. पावलीना मावशीच्या दुकानातल्या अख्ख्या चॉकलेट केकची पैज लागली होती, आणि मागीने वर टोमणाही मारला होता की "तू काय विचारणार, तू तर हजेरीलाही कुजबुजतेस."

हे गेल्या वर्षीपर्यंत खरं होतं. या वर्षी मात्र नेदाला कुठून तरी स्वतःचा आवाज सापडला होता, आणि नवी सायकल मिळालेल्या पोराने ती गल्लीभर फिरवावी तसा ती तो दिवसभर फिरवत होती. वर्गात हात वर, बसमध्ये वाद, घरी जेवताना भाषण. म्हणून गुरुवारी नववी 'ब'चा अख्खा वर्ग कामेनोग्रादच्या चौकात लोखंडी जाळीला नाकं लावून उभा असताना तिने प्रश्न विचारला, तोही असा खणखणीत की पलीकडे सिमेंट कालवणारे गडीसुद्धा थांबले.

जाळीच्या आत नव्या मंडईचा पाया खणताना निघालेला रोमन काळ उघडा पडला होता. गावाबाहेर जाणारा फरसबंद रस्ता, त्याच्या कडेला सहा कबरी. त्या काळी गाव ओढ्यापलीकडे होतं आणि मेलेली माणसं रस्त्याकाठी असत, असं खोदकामाच्या प्रमुख, पुरातत्त्वज्ञ डॉक्टर रालित्सा बोएवा सांगत होत्या. उन्हाने भाजलेल्या, गुडघ्यांना चिखल लागलेल्या बाई. प्रश्न ऐकून त्यांनी टोपी काढली आणि खरंच विचार केला. शाळेतल्या मोठ्या माणसांना असं विचार करताना नेदाने क्वचितच पाहिलं होतं.

"हो," बोएवाबाई म्हणाल्या. "एकदा. वीस वर्षांची होते, पहिलंच उत्खनन. निळ्या काचेचा एक मणी खिशात टाकला. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप परत ठेवला, कुणाला पत्ता नाही. म्हणून सांगते, खड्ड्यात उतरायचं तर खिशात हात घालून उतरू नका."

सगळे हसले. मागीने सगळं फोनवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या गावाने पाहिलं आणि उरलेल्या अर्ध्याने ऐकलं.

मग बाईंनी तो दगड दाखवला. मांडीइतका उंच, पांढरा संगमरवर, वर एका मुलीचा चेहरा, नाक झिजलेलं. खाली ग्रीक अक्षरं. बाईंनी बोट फिरवत वाचलं, "झोसिमी. सात वर्षं जगली. आईबापांनी उभारला. वाटसरू, तू सुखी राहा."

"वाटसरू म्हणजे कोण?" येवाने विचारलं.

"जो समोरून जाईल तो. आत्ता तू."

येवा उगाचच एक पाऊल मागे सरली.

नेदा अक्षरं बघत होती. तिचा बाबा, स्तामेन, गावात कबरींचे दगड कोरतो, त्यामुळे अक्षरांकडे तिचं आधी लक्ष जातं. "शेवटची ओळ दाटीवाटीने आलीय," ती म्हणाली. "जागा कमी पडली त्याला."

"परवा तुझा बाबाही हेच म्हणाला," बोएवाबाई हसल्या. "तासभर उभा होता इथे. सोमवारी राजधानीतून ट्रक येणार आहे. तिथल्या गोदामात जाईल हा, खोक्यात."

"म्हणजे संग्रहालयात?"

"गोदामात," बाई परत म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलेलं दिसत नव्हतं.

२

शुक्रवारी केक वसूल झाला. तिघींनी तो पावलीना मावशीच्या दुकानाबाहेरच्या टेबलावर बसून, चार चमच्यांनी खाल्ला, कारण मावशीने आपलाही चमचा घातला. मावशीचं दुकान बरोबर खोदकामासमोर. जाळीचं एक दार दुपारी तीन ते पाच उघडं राही, कारण तिचं पीठ आणि दूध त्याच वाटेने येई. चौकातून सारखी ये-जा चालली होती. दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार, चेरींच्या दिवसांत येणारा, मेलेल्यांच्या कबरीवर गहू आणि वाइन ठेवण्याचा. बायका झाडू आणि फुलझाडांच्या कुंड्या घेऊन स्मशानाकडे निघालेल्या, कुणी कबरीचं कुंपण रंगवायला डबा घेऊन, म्हातारे रिकाम्या बाटल्यांत वाइन भरायला. नेदा घरी वळली तेव्हा कोपऱ्यावर बाबाही भेटला, हातगाडीवर घोंगडीत गुंडाळलेला दगड घेऊन चाललेला. घामाघूम.

"येताना दूध आण," ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाला. तो एरवीही एवढंच बोलतो.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात आई, वेला, उकडलेल्या गव्हावर साखर पेरत होती. टेबलावर सहा वाट्या, प्रत्येकीवर दोन दोन चेरी. नेदाने एक चेरी उचलायला हात पुढे केला तर आईने चापट मारली. "आधी पितरांचं, मग तुझं. सँडल घाल, निघायचंय."

इतक्यात मागीचा फोन.

"दगड गेला."

"कुठला दगड?"

"अगं, तोच, झोसिमीचा. त्याच्यावरची ताडपत्री उचलली तर खाली सिमेंटची दोन पोती. आणि गावात सगळे काय म्हणतायत माहितीय का? नेदा, ते आपला व्हिडिओ दाखवतायत."

नेदाने आईकडे पाहिलं. "मी नाही येत स्मशानात."

एरवी यावरून घरात महाभारत झालं असतं. आज आई फक्त "बरं" म्हणाली आणि वाट्या टोपलीत ठेवू लागली.

३

चौकात इन्स्पेक्टर मिन्चेव उभे होते. जाळीला पिवळी पट्टी. बोएवाबाई दगडांच्या ढिगावर बसलेल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"बाईंनीच पहाटे येऊन पाहिलं म्हणे," गर्दीत कुणीतरी म्हणालं. "चोरालाच बरं आधी कळतं."

"कबूल केलंय की तिने. मण्यापासून सुरुवात, मग दगड."

नेदा पट्टीखालून वाकून बाईंपर्यंत गेली. "बाई, माझ्यामुळे झालं हे."

"तू प्रश्न विचारलास. उत्तर मी दिलं." बाईंनी टोपी मांडीवर ठेवली. "पहाटेच्या तिरप्या उन्हात अक्षरांचे फोटो चांगले येतात, म्हणून आले होते. काल दुपारी मी पालिकेत कागदपत्रं भरत होते. पाचला येऊन कुलूप लावलं तेव्हा ताडपत्रीखाली फुगवटा होता, मी उचलून नाही पाहिलं. तेवढीच माझी चूक. पण सोमवारी नऊ वाजता राजधानीतून पुरातत्त्व खात्याची समिती येतेय. तोवर दगड मिळाला नाही तर माझं काम संपलं, नेदा. या खड्ड्यातलंच नाही. कुठल्याच खड्ड्यात मला कुणी उतरू देणार नाही."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर नेदाला सोपं गेलं असतं.

"मी शोधते," ती म्हणाली. म्हणून गेली खरी, आणि पट्टीखालून बाहेर आली.

पहिला संशय ठेकेदार ग्रोझेववर. खोदकामामुळे त्याची मंडई दोन महिने अडली होती. तो आपल्या गाडीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"काका, दगड नाहीसा झाला तर तुमचा फायदा ना?"

"ये, बस, आणखी कोणकोणते आरोप करायचेत ते सांग," ग्रोझेव म्हणाला. "पोरी, सोमवारी ट्रक आला असता, दगड गेला असता आणि मंगळवारी मी काँक्रीट ओतलं असतं. आता पोलिसांची पट्टी. महिना गेला माझा. मला दगड घालवायचाच होता ना, तर उलट त्या ट्रकला मी पेट्रोल भरून दिलं असतं."

हे पटण्यासारखं होतं. ज्याला दगड जायला हवा होता त्याला दोन दिवस थांबणं पुरेसं होतं. म्हणजे नेणाऱ्याला दगड जायला नको होता. नेदा स्वतःवरच खूश झाली, आणि लगेच तिला पावलीना मावशीची काळजी वाटली. कारण दगड इथेच राहावा, पर्यटक यावेत, केक खपावेत, असं मावशी दोन महिने येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती.

"मी?" मावशीने पिठाचे हात वर केले. "मला पाठीचा त्रास आहे, पिठाची गोणी हलत नाही. आणि मला तो समोर हवा होता, पलंगाखाली नव्हे."

"काल तीन ते पाच तुम्ही इथेच होतात. कुणी दगड चोरून नेताना दिसलं?"

"कुणीसुद्धा नाही. हेच इन्स्पेक्टरला सांगितलं. समोरच्या फुलवालीनेही, बससाठी थांबलेल्यांनीही. भर दुपारी सत्तर किलोचा दगड, आणि कुणाला दिसला नाही. भूत म्हणायचं का आता?"

इन्स्पेक्टर मिन्चेव खड्ड्यातल्या धुळीचे फोटो घेत होते. "ओढल्याची एकही खूण नाही," ते आपल्या शिपायाला सांगत होते. "म्हणजे क्रेन. मोठी टोळी असणार, बाहेरची. आणि इथे शिडी टेकवली होती त्यांनी, हे बघ."

नेदाने पट्टीवरून मान लांब केली. धुळीत छोटे, खोल, तिरपे खड्डे होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. जाळीच्या दारापर्यंत.

ती शिडी नव्हती. जड दगड ओढत नाहीत, ओढला की कडा जातात. तो उभा धरायचा, एका कोपऱ्यावर झुकवायचा, दुसरा कोपरा पुढे फिरवायचा. मग उलट. दगड दोन पायांच्या माणसासारखा चालतो. चार वर्षांची असताना ती अंगणात हे बघून खिदळायची.

गावात दगड चालवता येणारी माणसं फार नव्हती.

४

तिने ते कुणाला सांगितलं नाही. शनिवारची सगळी दुपार ती स्वतःशी भांडली. बाबाकडे दोन गडी होते पूर्वी, ते शहरात गेले. शेजारच्या गावात एक म्हातारा कारागीर आहे. तोही असू शकतो. कुणीही असू शकतं.

रविवारी सकाळी ती पुन्हा मावशीकडे गेली आणि या वेळी वेगळं विचारलं.

"मावशी, चोर सोडा. शुक्रवारी चारच्या सुमारास दुकानासमोरून काय काय गेलं ते सगळं सांगा. कंटाळवाणं असलं तरी."

"कंटाळवाणंच आहे," मावशी म्हणाली. "दुधाची गाडी. पाद्रीबुवा, सायकलवर. फुलवालीची सून, तीन कुंड्या घेऊन. दोन पोरं आईस्क्रीम सांडत. तुझा बाबा. मग बस आली, ती—"

"बाबा काय घेऊन?"

"काय घेऊन म्हणजे? हातगाडीवर कबरीचा दगड. पितरांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी तुझा बाबा आणखी काय नेणार, टरबूज?" मावशी हसली आणि मध्येच थांबली. "जाळीच्या दारातून वळला बघ गाडी घेऊन. मीच त्याला वाट करून दिली, माझी खुर्ची बाजूला सरकवून."

मावशीने हातातलं फडकं खाली ठेवलं.

सगळ्यांनी पाहिला होता. फुलवालीने, बससाठी थांबलेल्यांनी, पाद्रीबुवांनी. कबरीचा दगड स्मशानाकडे निघालेला पाहून कुणालाच वाटलं नव्हतं की आपण काही पाहिलं. नेदाने तर त्याला दूध आणायला सांगितलं होतं.

"कदाचित दुसरा असेल," मावशी हळूच म्हणाली. "कुणाच्या तरी आजोबांचा."

"त्या दिवशी आमच्या अंगणात एकही तयार दगड नव्हता," नेदा म्हणाली. "शेवटचा गुरुवारीच गेला. मीच दार उघडलं होतं."

आणि मग तिला आईच्या सहा वाट्या आठवल्या. कबरीला एक वाटी, आणि त्यांच्या घरच्या कबरी पाच.

५

स्मशान टेकडीवर आहे. उन्हात सगळीकडे वितळलेल्या मेणबत्त्या, वाळलेली वाइन आणि चेरीच्या बिया. नेदा पणजोबांच्या कबरीपाशी गेली, मग त्यामागच्या ओळीत, जिथे पायवाट अक्रोडाच्या झाडाखालून दरवाजाकडे जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच जावं लागतं.

झोसिमी तिथे उभी होती. नीट, ओळंब्यात. झिजल्या नाकाचा चेहरा पायवाटेकडे.

समोर आईची वाटी होती, पांढरी, निळ्या काठाची. पण ती एकटी नव्हती. अकरा वाट्या होत्या तिथे. कागदी पेले, पानांवर ठेवलेले गहू, चेरींचे ढीग, विझलेल्या मेणबत्त्या, आणि कुणीतरी ठेवलेली केसाची लाल पिन. शनिवारी अर्धं गाव चौकात दगड शोधत होतं, आणि तेच अर्धं गाव इथून जाताना वाकून, हिचं कुणी दिसत नाही म्हणून हिलाही थोडं ठेवून पुढे गेलं होतं. अक्षरं वाचायची कुणाला गरज पडली नव्हती. लहान मूल आहे, एवढं चेहऱ्यावरून कळत होतं.

नेदा तिथे बसली. तिला बाबाचा राग यायला हवा होता. तो येत होता, पण सरळ येत नव्हता.

६

ती घरी आली तेव्हा आईबाबा अंगणात, दगडाच्या भुशाने पांढऱ्या झालेल्या बाकावर बसले होते. आई बीन्स सोलत होती. बाबा काहीच करत नव्हता, हे त्याच्या बाबतीत नवीन होतं.

"मी अक्रोडाखाली जाऊन आले," नेदा म्हणाली.

आईचा हात थांबला.

"चोरला नाही," बाबा म्हणाला. "एका शनिवारासाठी नेला. आज दुपारी दार उघडं असताना परत ठेवणार होतो, उद्याच्या ट्रकआधी. नेदा, मी बावीस वर्षं दगड कोरतोय. गोदामात ठेवायला कुणी कोरत नाही. त्याने शेवटची ओळ कशी कोंबून बसवलीय पाहिलीस? जागा नव्हती, तरी वाटसरूला निरोप दिलाच. त्या खोक्यासमोरून कोण वाटसरू जाणार?"

"बोएवाबाईंना विचारायचं होतंस."

"त्या नाही म्हणाल्या असत्या. त्यांना म्हणावंच लागलं असतं. मग त्यांच्यावर कशाला ओझं."

"आणि आता नाही का ओझं?"

बाबाने मान खाली घातली. "पोलीस आले आणि मी घाबरलो. पुरातन वस्तू हलवली म्हणजे खटला असतो. पालिकेने स्मशानातलं काम काढून घेतलं तर या अंगणात काय करणार मी?"

"गहू माझे होते," आई म्हणाली. "त्याला एकट्याला बोलू नकोस. हिचं करणारं कोणी नाही, असं मीच आधी म्हणाले होते." तिने टोपली बाजूला ठेवली आणि आवाज खाली आणला. "ऐक. पोलिसांचा एकच शिपाई आहे, तोही दुपारी जेवायला जातो. उद्या सकाळपर्यंत दगड खड्ड्यात असेल. कुणाचं काही गेलं नाही, कुणाला काही कळलं नाही. बाई सुटल्या, आपण सुटलो."

क्षणभर नेदालाही ते इतकं सुंदर वाटलं की ती हो म्हणणार होती. सगळं आपोआप मिटतंय. मग ते तिला लख्ख दिसलं.

"नाही सुटणार," ती म्हणाली. "आई, त्यांनी सगळ्या गावासमोर काय सांगितलंय? मणी उचलला, आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप परत ठेवला. शुक्रवारी दगड गेला. उद्या सोमवार. उद्या तो आपोआप परत आला, तर लोक काय म्हणतील? तिची ती सवयच आहे म्हणतील. दगड सापडेल आणि बाई कायमच्या चोर ठरतील. तुम्ही तो जेवढा गुपचूप ठेवाल, तेवढ्या त्या पक्क्या चोर."

बाबाने दोन्ही हातांनी चेहरा चोळला, भुसा गालांना लागला.

"हे माझ्या लक्षातच नाही आलं," तो म्हणाला.

"माझ्याही आत्तापर्यंत नव्हतं आलं," नेदा म्हणाली.

"तू आपल्या बापाला पोलिसांच्या ताब्यात—" आईने सुरुवात केली, आणि बाबाने तिच्या हातावर हात ठेवला, तशी ती थांबली. शेजारच्या घरात रेडिओवर हवामान सांगत होते.

नेदा बाबाशेजारी बसली. तिचा तो खणखणीत आवाज आता कुठेच नव्हता. जो होता तो साधा, थोडासा कापरा होता, पण तो थांबला नाही.

"मी ठरवलंय. उद्या नऊ वाजता मी समितीसमोर उभी राहणार आहे. दगड कुठे आहे, कोणी नेला, का नेला, सगळं सांगणार आहे. त्या अकरा वाट्यांचंही सांगणार आहे. बाबा, तू माझ्याआधी बोललास तर मला फार आवडेल. आई, तूही ये, तुला ते बाबापेक्षा नीट सांगता येईल. तोवर दगडाला हात लावायचा नाही, त्यांना तो तिथेच बघू दे. मी पावणेनऊला घरातून निघतेय. तुम्ही येणार असाल तर बरोबर निघू. नसाल येणार, तर मी एकटी जाईन."

बाबा उठून आत गेला, आणि आतून त्याचा आवाज आला.

"वेला, माझा पांढरा शर्ट कुठे आहे?"